नडगीवरची गाठ

हाडाला सुई लावायच्या आधी ती क्षणभर डोळे मिटून देवाचं नाव घ्यायची. ओठही हलायचे नाहीत. ‘हात स्थिर ठेव रे बाबा, बाकी तुझं तुला ठाऊक,’ एवढंच. मग भिंगाचा दिवा खाली ओढायचा आणि ज्या जनावराला मरून कोट्यवधी वर्षं लोटली त्याच्या हाडावरचा दगड कणाकणाने सोडवत बसायचं, हे तिचं काम.

संग्रहालयात तिला सगळे कोरणीबाई म्हणत. नाव ठेवलं होतं दारावरच्या रखवालदाराने. “लोक कान कोरतात, दात कोरतात, आमच्या या बाई डायनासोर कोरतात,” असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. तिला त्याचा राग नव्हता. लग्नाआधी ती एका कवळ्या करणाऱ्याकडे कामाला होती. कवळी अशी घासायची की घालणाऱ्याच्या हिरडीला कुठे बोचू नये, आणि बोचलीच तर म्हातारी माणसं तोंडात बोट घालून ‘इथे गं, इथे’ म्हणून दाखवायची. तो हलका हातच तिला संग्रहालयात घेऊन आला. तिथली गिऱ्हाइकं कुरकुर फार करायची, इथली निमूट पडून असतात, एवढाच काय तो फरक, असं ती हसून सांगे.

कामाची खोली तळघरात होती. मधोमध लांबलचक टेबल, त्यावर वाळूच्या पिशव्या. पेशंटच्या डोक्याखाली उशी द्यावी तशी एकेका हाडाखाली पिशवी. भिंतीशी प्लॅस्टरचे मोठाले ठोकळे रचलेले. खणणाऱ्यांनी हाडं दगडासकट उचलून प्लॅस्टरमध्ये गुंडाळून पाठवलेली असायची, मोडलेला हात गुंडाळतात तशी. छतातून धूळ ओढणारा नळ हत्तीच्या सोंडेसारखा लोंबायचा. दिवसभर त्याची घरघर. घरी गेल्यावर सगळं कसं सामसूम वाटायचं तिला.

तिच्या वरच्या होत्या मोठ्या बाई. हाडांवर आयुष्य घालवलेल्या, पांढऱ्या केसांच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेल्या. बोलायला फटकळ, पण शिकवायला हात आखडता नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी हिला सुनावलं होतं, “नुसता दगड काढू नकोस. काय उघडं करतेस ते तुला कळलं पाहिजे.” आणि टेबलावरचं मांडीचं हाड तिच्या हातात देऊन म्हणाल्या, “डोळे मीट. बोट फिरव.”

तिने बोट फिरवलं. एका जागी हाड खरखरीत लागलं, मांजराच्या जिभेसारखं.

“इथे स्नायूने हाड धरलेलं होतं. जितकं खरखरीत तितकी ओढ दांडगी. त्यावरून कळतं पाय कसा मागे खेचायचा, चालायचा की धावायचा. आता भिंगातून बघ. बारीक भोकं दिसतात? रक्त जायचं त्यातून. पुष्कळ भोकं म्हणजे पुष्कळ रक्त, म्हणजे हाड भराभर वाढत होतं. सरड्यासारखं रमतगमत नाही, पाखरासारखं घाईघाईने.”

मग मानेचा मणका दाखवला. आत पोळ्याच्या कप्प्यांसारख्या पोकळ्या. त्यात हवा असायची म्हणे, म्हणून एवढी लांब मान उचलणं जमायचं. आणि शेवटी एका हाडाचा कागदासारखा पातळ काप दिव्यासमोर धरला. त्यात झाडाच्या बुंध्यात असतात तशा रेघा. जनावराला वाईट ऋतू आला, खायला मिळालं नाही, वाढ थांबली की एक रेघ.

“म्हणजे उपाशी राहिल्याचंही हाडात राहतं?” कोरणीबाईने विचारलं.

“सगळं राहतं. फक्त मेल्यावर वाचता येतं, एवढीच पंचाईत.”

ते वाक्य कोरणीबाईला तेव्हा गमतीचं वाटलं होतं. घरी येऊन तिने सासूबाईंनाही सांगितलं होतं.

पुढे वर्षं गेली. बोटं अशी तयार झाली की अंधारातही दगड कुठला आणि हाड कुठलं ते तिला समजे. दगड मुका लागतो, हाडाला पोत असतो, असं ती म्हणायची. आणि मग एके दिवशी ती नडगी आली.

पानं खाणाऱ्या एका जनावराची नडगी. चार पायांचं, कळपाने राहणारं. खालचा भाग सरळ, सुबक. गुडघ्याच्या बाजूला मात्र दगड काढता काढता सुई एका फुगीर जागेवर आली. ती फुगीर जागा गुळगुळीत नव्हती, कुठल्या स्नायूचा खरखरीतपणाही नव्हता. उतू गेलेलं दूध शेगडीवर करपून बसावं तशी ती दिसत होती. कोरणीबाईने हात थांबवला आणि मोठ्या बाईंना बोलावलं.

मोठ्या बाईंनी चष्मा चढवला, उतरवला, पुन्हा चढवला. 

“तीन गोष्टी असू शकतात,” त्या शेवटी म्हणाल्या. “हाड मोडून वेडंवाकडं जुळलं असेल. नाहीतर आत पू झाला असेल. नाहीतर...” त्यांनी आवाज खाली आणला, जणू टेबलावरचं जनावर ऐकत होतं. “नाहीतर कॅन्सर. हाडाचा. तो होतोही गुडघ्यापाशीच, वाढीच्या वयात. आणि हे तरुणच होतं गं. तुझ्या ठकीच्या वयाचं म्हण.”

ठकी म्हणजे कोरणीबाईची लेक. तेरावं सरत आलेलं, ताडमाड वाढत चाललेली, एकुलती एक. मोठ्या बाईंच्या मनात काही नव्हतं, तोंडाला आली ती उपमा दिली.  पण कोरणीबाईने सुई खाली ठेवली, हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले.

त्याच आठवड्यात ठकीची नवी पँट शाळेसाठी आणली होती. लांब होती, दुमडून शिवायची होती. ठकीला स्टुलावर उभं केलं, टाचण्या तोंडात धरल्या आणि कोरणीबाई खाली बसली.

“हलू नकोस,” ती टाचण्यांमधून कशीबशी म्हणाली.

“मी कुठे हलतेय? स्टूल हलतंय.”

पाय सरळ करायला तिने लेकीच्या गुडघ्याच्या आतल्या बाजूने हात घातला, आणि गुडघ्याच्या जरा वर बोटांना काहीतरी लागलं.

कठीण. सुपारीएवढं. तिने अंगठा टेकवून ते हळूच सरकवून बघितलं. सरकलं नाही. कातडीखालची गाठ असती तर हलली असती. हे हाडालाच धरून होतं. बोटं जे इतकी वर्षं शिकली होती ते त्यांनी एका क्षणात सांगून टाकलं, आणि कोरणीबाईला वाटलं, ही बोटं आपल्याला मिळालीच नसती तर किती बरं झालं असतं.

तोंडात टाचण्या होत्या. ओरडता आलं नाही, विचारता आलं नाही. एक टाचणी जिभेला लागून रक्ताची चव आली.

“झालं का गं आई?” वरून ठकी म्हणाली.

आईने मान हलवली.

त्या दिवसापासून तिच्या जिवाची जी घालमेल सुरू झाली ती कोणाला सांगता येईना. सांगावं तर ते खरं होईल. न सांगावं तर ते आत वाढत राहील. नवऱ्याला सांगायला ती दोनदा गेली. तो शिवणयंत्रं दुरुस्त करायचा, एका यंत्राची आतडी काढून जमिनीवर पसरून बसला होता. तेलाचे हात वर करून म्हणाला, “काय गं?” ती म्हणाली, “काही नाही, भात झाला.” दुसऱ्यांदाही भातच झाला.

ठकीची पँट शिवली ती एक पाय लांब, एक आखूड. सासूबाईंच्या नजरेतून ते सुटतं थोडंच!

“सूनबाई, पोरगी आहे की बगळा? एका पायावर उभी करायचीय का हिला?”

“उसवून देते,” कोरणीबाई म्हणाली. एरवी तिने उलट काहीतरी ठोकून दिलं असतं. सासूबाईंना ते खटकलं. 

ती ठकीची चाल बघायची. जिना उतरताना कुठला पाय आधी टाकते, पळताना लचकते का, बसल्यावर गुडघ्याला हात जातो का. सासूबाई नातीच्या पायांना तेल चोळत बसल्या की ही दारात उभी. सासूबाईंचा हात त्या जागेवरून गेला की ही दाराची चौकट घट्ट धरे. म्हातारीच्या हाताला काही लागत नव्हतं, लागलं तरी ‘वाढीचं वय आहे, पाय दुखायचेच’ म्हणून पुढे सरकायचा तो हात. आणि कोरणीबाईच्या मनात यायचं, दुखतात का? पण विचारायला जीभ रेटत नव्हती. ठकी ‘हो’ म्हणाली तर?

मनाचे खेळ इतके की एकदा तिला वाटलं, हे आपल्याच हाताने झालं. मेलेल्या जनावराच्या गाठीला लावलेला हात घरी येऊन लेकीला लावला. असं काही नसतं हे तिला कळत होतं. तरी ती हात धुवायची, बोटांची टोकं सुरकुतेपर्यंत. सकाळी देवासमोर उभी राहिली की एकदम बोलायला लागायची, ‘माझं काय हवं ते घे, पण...’ आणि तिथेच थांबायची. देवाशी घासाघीस करायची तिला लाज वाटायची. नुसती हात जोडून उभी राहायची, आणि दिवा विझला तरी तिच्या ध्यानात यायचं नाही.

कामावर तिने नडगीवर एक युक्ती केली. गाठीच्या बाजूला वाळूची पिशवी टेकवून ठेवली आणि दुसऱ्या टोकाकडून काम चालवलं. सुई, ब्रश, पातळ डिंकाचा थेंब, पुन्हा सुई. खालचा भाग लखलखीत झाला. गाठ होती तिथेच, दगडात.

मोठ्या बाईंनी पिशवी उचलली. “अगं कोरणी, हिचा उपास धरलायस का? एक टोक आरशासारखं आणि दुसरं जसंच्या तसं!”

“करते बाई.”

“करते कधी? परवा सकाळी हॉस्पिटलला न्यायचीय. पेशंट यायच्या आत त्यांच्या मशीनवर स्कॅन करून देणार आहेत. काप न काढता आतलं दिसेल.”

मग करावंच लागलं. तिने देवाचं नाव घेतलं, दिवा ओढला. दगडाचा एक एक कण निघत होता आणि खालून ते फसफसलेलं हाड वर येत होतं. तिला वाटत होतं, आपण दगड काढत नाही आहोत, ही गाठच वाढवतो आहोत.

हॉस्पिटलला नडगी गेली ती जुन्या गोधड्यांत गुंडाळून, स्ट्रेचरवर. दारातल्या एका माणसाने बाजूला होऊन हात जोडले. मोठ्या बाईंनी त्याला काही सांगितलं नाही. सांगून काय उपयोग, तो आणखीच घाबरला असता.

स्कॅनच्या खोलीतला माणूस झोपेतून उठून आल्यासारखा होता. मशीनमध्ये माहिती भरल्याशिवाय ते चालत नाही म्हणाला.

“पेशंटचं नाव?”

“नाही,” मोठ्या बाई म्हणाल्या.

“वय?”

“सात कोटींच्या आसपास.”

“इथे तीनच आकडे बसतात.”

“मग बसेल ते घाला. दिसतं त्याच्यापेक्षा तरुणच आहे.”

“बाई की पुरुष?”

“ते अजून आम्हालाही कळलेलं नाही.”

“सकाळपासून काही खाल्लेलं नाही ना?” तो विचारून गेला, आणि मग स्वतःच हसत सुटला. मोठ्या बाईही हसल्या. कोरणीबाईने हसायचा प्रयत्न केला. मशीनच्या अरुंद पलंगावर पांढऱ्या चादरीवर ती नडगी एकटीच पडली होती. एकाच पायाचं माणूस झोपवल्यासारखं. पलंग सरकत सरकत त्या गोल भोकात गेला आणि तिला काचेपलीकडे ठकी दिसली. डोळे मिटले तरी दिसत राहिली.

हॉस्पिटलचे हाडांचे डॉक्टर मुद्दाम लवकर आले होते. असला पेशंट पुन्हा कधी बघायला मिळणार! चहाचा पेला हातात घेऊन ते पडद्यासमोर उभे राहिले. पडद्यावर हाडाचे काप एकामागून एक येऊ लागले. आधी खालचे. बाहेर पक्की गोल भिंत, आत पोकळी. छान, स्वच्छ. मग गोल जरा सुजला. मग भिंत फुटली. मग भिंत राहिलीच नाही. नुसतं पांढरं आणि काळं एकमेकांत कालवलेलं, कुठे बाहेर संपतं, कुठे आत सुरू होतं काही पत्ता नाही.

डॉक्टरांनी पेला खाली ठेवला. 

“हे मोडून जुळलेलं नाही,” ते म्हणाले. “पू झालेलाही वाटत नाही. आणखी तपासा, पण माणसाचा पाय असता ना बाई, तर मी आजच्या आज घरच्यांना बोलावून घेतलं असतं.”

खोलीत मशीनचा पंखा फिरत होता.  कोरणीबाईने खुर्चीची पाठ धरली आणि इतके दिवस दाताखाली धरलेलं तिच्या तोंडून निसटलं.

“डॉक्टर, असंच माझ्या मुलीला आहे.”

दोघंही वळले.

“असंच म्हणजे? एक्स-रे काढलाय?”

“नाही.”

“मग कोणी सांगितलं?”

तिने स्वतःची बोटं पुढे केली. “हाताला लागलं. गुडघ्याच्या वर. हलत नाही, हाडाला धरून आहे.”

“कधीपासून आहे?”

“माहीत नाही.”

“वाढलंय का?”

“माहीत नाही.”

“दुखतं का तिला?”

  लेकीची चाल तिला पाठ होती, गाठीचा आकार अंधारात काढून दाखवला असता, पण दुखतं का, हे तिला ठाऊक नव्हतं.

“विचारलं नाही,” ती म्हणाली.

“विचारलं नाही?” मोठ्या बाई जवळजवळ ओरडल्याच. “अगं बाई, तिला तोंड आहे! ही आपल्या टेबलावरची आहे का?”

कोरणीबाई खाली बसली. मोठ्या बाई तिच्याशेजारी बसल्या, बसताना गुडघे कडकड वाजले. आवाज खाली आणून म्हणाल्या, “ऐक. तुझ्या हाताखालून जी हाडं गेली ती सगळी मेलेल्यांची. गाठ असलेलीही मेलेली आणि नसलेलीही मेलेली. म्हणून तुला वाटतं, गाठ लागली की पुढे एकच. या नडगीबरोबर अख्खा कळप सापडलाय त्याच गाळात. सगळे धडधाकट. पूर आला आणि सगळे एकदम गेले. हे त्याच्या गाठीनेच मेलं असं कुठल्या हाडावर दिसलं तुला?”

“मला समजूत नकोय बाई.”

“मी घालतही नाहीये. मुलीला घेऊन ये. आज.”

“आजच आणा,” डॉक्टर म्हणाले. “आणि मी न बघता काही बोलणार नाही. बरंच असेल असंही नाही, वाईटच असेल असंही नाही.”

घरी तिने नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याच्या हातातला पेचकस तसाच राहिला.

“इतके दिवस पोटात ठेवलंस?”

“तुम्ही घाबराल म्हणून.”

“आणि तू काय करत होतीस, गाणी म्हणत होतीस?” तो उठला, तेलाचे हात पँटलाच पुसले, जे तो कधी करत नसे. सासूबाई आतून आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. सुनेच्या पाठीवरून एकदा हात फिरवून त्या देवासमोरचा दिवा सारखा करायला गेल्या.

ठकीला शाळेतून मधूनच आणलं. तिला त्याचा आनंद झाला होता, कारण गणिताचा तास चुकला होता. हॉस्पिटलच्या बाकावर आईबापांच्या मध्ये बसून ती पाय हलवत होती.

 मग त्या दिवशी स्टुलाखाली बसून विचारायचं राहिलेलं कोरणीबाईने विचारलं.

“ठकी, तुझ्या गुडघ्याच्या वर काहीतरी कठीण लागतं. तुला माहितीय?”

“ते होय? ते तर कधीपासून आहे,” ठकी म्हणाली. “पाचवीत असल्यापासून. मी मांडी घालून बसले की त्याच्यावर पेन्सिल टेकवून ठेवते. घरंगळत नाही.”

“पाचवीत असल्यापासून?” बाप म्हणाला. “आणि बोलली नाहीस?”

“मला वाटलं सगळ्यांनाच असतं. तुम्हाला नाही?”

“दुखतं का?” आईने विचारलं. ते दोन शब्द तोंडातून निघायला किती जड गेले!

ठकीने विचार केला. खरंच विचार केला, आईकडे बघत. “खूप पळाले की जरा घासल्यासारखं होतं. एरवी नाही.” मग तिचा आवाज बारीक झाला. “आई, तू का रडतेयस? काही वाईट आहे का?”

“माहीत नाही बाळा,” कोरणीबाई म्हणाली. खोटं बोलवलं नाही तिला.

आता ठकीही घाबरली. पाय हलायचे थांबले. तिने आईचा हात धरला, पाचवीतसुद्धा धरत नव्हती तसा. एक्स-रेच्या खोलीत तिला एकटीलाच आत नेलं. दार बंद झालं, दारावरचा लाल दिवा लागला. कोरणीबाई त्या दिव्याकडे बघत उभी राहिली. आत लेकीचं हाड उघडं होत होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते काम तिच्या हातात नव्हतं. तिला देवाचं नाव घ्यायचं होतं. ‘हात स्थिर ठेव’ एवढंच आठवलं. कोणाचे हात, ते तिने देवावरच सोडलं.

डॉक्टरांनी फिल्म उजेडाच्या पाटीवर लावली. कोरणीबाईची नजर चुकवूनही सरळ तिथेच गेली. गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडातून बाहेर आलेलं एक टोक. तिचे डोळे भिंत शोधत होते. पांढरी पक्की रेघ, हाडाच्या बाहेरच्या कडेने वर जाणारी. ती फुटते कुठे? रेघ गाठीपाशी आली, वळली, गाठीवरून फिरली.

“तुम्हाला दिसतंय ना?” डॉक्टर तिलाच म्हणाले. “भिंत तुटलेली नाही. तीच भिंत गाठीवर गेलीय, आतली पोकळीसुद्धा सलग. झाडाला फांदी फुटते तसं हाडाला फुटलंय. वाढीच्या वयात होतं, बऱ्याच जणांना होतं. सकाळी बघितलं ते हे नव्हे.”

नवऱ्याने श्वास सोडला तो शेजारच्या खोलीत ऐकू गेला असेल.

“म्हणजे काढायचं नाही?” कोरणीबाईने विचारलं. तिचा विश्वास बसत नव्हता.

“त्रास देत नाही तोवर नाही. हिची उंची वाढायची थांबली की हेही वाढायचं थांबायला हवं.”

“आणि नाही थांबलं तर?”

डॉक्टरांनी तिच्याकडे नीट बघितलं. “तर आधी मला कळलं पाहिजे. म्हणून दर काही महिन्यांनी यायचं. मध्ये वाढायला लागलं, दुखायला लागलं, झोपेतून उठवायला लागलं, तर ताबडतोब यायचं. आणि हे तुमच्या बोटांनी नाही कळायचं बाई, ही सांगेल.” त्यांनी ठकीच्या डोक्यावर टपली मारली.

“पळू शकते मी?” ठकीने विचारलं.

“पळ. पेन्सिलही ठेव.”

घरी परतताना ठकी पुढे, बापाच्या हाताला लोंबकळत, आणि कोरणीबाई मागे. भीती उतरली होती, पण ताप उतरल्यावर अंग दुखतं तसं सगळं दुखत होतं. आणि अगदी गेली नव्हतीच ती. ठकी वाढणार, दर महिन्याला वाढणार, आणि वाढणं थांबेपर्यंत आपण ते हाड डोळ्यांत तेल घालून बघत राहणार, हे तिला चालता चालता कळून चुकलं.

दुसऱ्या दिवशी ती तळघरात गेली. नडगी परत आली होती, वाळूच्या उशीवर. तिने दिवा ओढला, गाठीतला उरलेला दगड सोडवायला घेतला. आता पिशवी आड ठेवली नाही. मधेच हात थांबवून तिने त्या करपलेल्या हाडावर बोट टेकवलं. ‘तुला दुखत होतं का रे?’ मनात आलं. उत्तर कुठून येणार? मोठ्या बाईंनाही ते कधी कळणार नव्हतं, काप काढूनही.

पुढच्या ऋतूत ठकीची पँट आखूड झाली. दुमडलेली पट्टी उसवून खाली सोडायची होती. ठकी पुन्हा स्टुलावर, कोरणीबाई खाली, तोंडात टाचण्या. सासूबाई खुर्चीतून देखरेख करत होत्या, या वेळी दोन्ही पाय सारखे होतात की नाही बघायला.

बोटं सवयीने गुडघ्याच्या आतल्या बाजूला गेली. होतं तिथेच होतं. मोठं झालंय का? जरासं? की पोरगीच मोठी झाली म्हणून तसं वाटतंय?  बोटं पुन्हा मापायला निघाली होती, तिने ती मागे घेतली. तोंडातल्या टाचण्या काढल्या, एक एक करून मांडीवर ठेवल्या.

“ठकी,” ती वर बघून म्हणाली, “दुखतं का गं?”

“दुखतंय की!” ठकी किंचाळली. आईचा हात पुन्हा गुडघ्याकडे गेला. “घोट्यापाशी टाचणी लावलीयस, ती काढ ना आधी!”